लोनप्पनचं दळण आणि वारियरांचा मुहूर्त

लोनप्पनला देवानं सगळं दिलं होतं, फक्त दुसऱ्याच्या हातचं गोड मानून घेणारी जीभ तेवढी द्यायची राहून गेली होती. मासळी घ्यायची तर तो प्रत्येक माशाचे कल्ले स्वतः उचकटून बघायचा, आणि एवढं करून एखादा बांगडा घेतला की कोळीणच त्याला हात जोडायची. शर्ट शिवायला टाकला तर शिंप्याच्या डोक्यावर उभा. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून बायकोच्या कानात सांगायचा, "हे प्रवचन पाद्री अच्चननं स्वतः लिहिलेलं नाही. कुठून तरी तयार आणलंय." त्रेस्या त्याच्या मांडीला चिमटा काढायची आणि पुढे बघून प्रार्थना म्हणायची.

हा गृहस्थ त्रिशूरच्या अच्युत वारियरांच्या पंचांग कचेरीत चोवीस वर्षं संगणक सांभाळत होता. तो यायच्या आधी तिथं सहा म्हातारे चटयांवर बसून कवड्या मांडायचे आणि वर्षाचं गणित करायचे. लोनप्पननं मशीन आणलं, आणि सहा जणांचं वर्षभराचं काम एका सकाळीत काढून दाखवलं. म्हाताऱ्यांना निरोपाचा चहा दिला तेव्हा हा म्हणाला होता, "आजोबा, कवड्या घेऊन जा बरं का. नातवंडांना खेळायला होतील." सगळ्यात म्हाताऱ्या राघव कणियाननं कवड्या मुकाट्यानं पिशवीत भरल्या होत्या. लोनप्पनला तो विनोद पुढं बरीच वर्षं आठवायचा आणि आठवला की हसू यायचं.

मशीनवर त्यानं जी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली होती, ती फुकटची होती आणि तिची भक्ती करणारे जगात थोडेच होते. लोनप्पनला ती आवडायची, कारण तिच्यात सगळं स्वतः करता यायचं. बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायचं तर दोन वाटा होत्या. एक, दुसऱ्या कुणी बांधून ठेवलेलं तयार आणायचं. दुसरी, त्याचा कच्चा मजकूर आणून आपल्या मशीनवर स्वतः बांधून काढायचा. लोनप्पन या दुसऱ्या प्रकाराला दळण म्हणायचा, आणि पहिल्या प्रकाराचं नाव काढलं तरी नाक मुरडायचा.

दोन-तीन वर्षांनी ऑपरेटिंग सिस्टीमची नवी मोठी आवृत्ती यायची. ती चढवली की मशीन स्क्रीनवर बजावून सांगायचं, की बाहेरून आणून बसवलेलं सगळं आता नव्यानं बांधून घ्या, आणि ते झालं की शेवटची कमांड द्या, म्हणजे मी जुने आधार काढून टाकतो. नव्या विहिरीला पाणी लागेपर्यंत जुनी बुजवायची नाही, एवढी साधी गोष्ट. तोपर्यंत जुनी सॉफ्टवेअरं त्या जुन्या आधारांवर चालत राहायची. पण शेवटची कमांड आधी दिली तर आधार जायचे, आणि त्यांच्यावर उभं असलेलं सगळं एका क्षणात आडवं व्हायचं.

लोनप्पनच्या मशीनवर अशी तीनशे बारा सॉफ्टवेअरं होती. पंचांगाला त्यांतली चौदा लागायची. उरलेल्यांत तीन बुद्धिबळं होती, नाताळची भेटकार्डं काढणारं एक होतं, आणि जो प्रिंटर सात वर्षांपूर्वी भंगारात गेला त्याची सेवा करणारंही एक होतं. दर खेपेला लोनप्पन तीनशे बाराच्या तीनशे बारा दळून काढायचा. चार दिवस, कधी पाच. मशीनचा पंखा गिरणीसारखा घोंघावायचा, आणि लोनप्पन चटईवर मांडी घालून स्क्रीनवरून सरकणाऱ्या ओळी बघत बसायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "चाललंय. तुम्हाला नाही कळायचं." तिसरं वाक्य बोलायची वेळ त्याच्यावर चोवीस वर्षांत आली नव्हती, कारण दोन वाक्यांतच समोरचा उठून जायचा.

आता वारियर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सडपातळ, कपाळावर चंदनाचं बोट, बोलणं कमी. त्यांचा नियम असा की पंचांगाचं कुठलंही मोठं काम मुहूर्तावरच व्हायचं. बाजारातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात राहुकाळ साडेदहा ते बारा असा गोल आकड्यांत छापलेला असतो. वारियर त्याला हसायचे. त्यांच्या पंचांगात सूर्योदयापासून मोजून मिनिटामिनिटाचा राहुकाळ असायचा, आणि तो काढून द्यायचं लोनप्पनचं मशीन. त्या मशीनच्या दुरुस्तीलाही मुहूर्त त्याच तक्त्यातून निघायचा. वारियर चिठ्ठी पाठवायचे, ठरल्या वेळी निलविळक्क, म्हणजे ती पितळेची उभी समई, घेऊन खोलीत यायचे, वात लावायचे आणि म्हणायचे, "हं, लोनप्पा."

लोनप्पन मग एंटर दाबायचा.

गंमत अशी, की त्या एंटरनं काहीच व्हायचं नाही. दळण का मुहूर्ताला धरून संपतं? म्हणून पहिल्याच वर्षी लोनप्पननं युक्ती काढली. वारियरांसमोर तो चार अक्षरांची एक निरुपद्रवी कमांड द्यायचा, जिचं काम फक्त आजची तारीख आणि वेळ दाखवणं. स्क्रीनवर एक ओळ उमटायची, वारियर समईला नमस्कार करून निघून जायचे, आणि खरं काम लोनप्पन आपल्या सोयीनं करायचा. संध्याकाळी घरी येऊन पोट धरून हसायचा.

"आज पुन्हा तारीख विचारली! आणि म्हातारा हात जोडून उभा!"

"आणि तुम्ही?" त्रेस्या म्हणायची.

"मी काय?"

"तुम्हीही हात जोडूनच बसता की त्या डब्यापुढं. चार-चार दिवस. समई तेवढी नाही."

यंदा गोष्ट जरा वेगळी होती. जुलैच्या एकतीस तारखेला लोनप्पनला अठ्ठावन्न पुरी होत होती, आणि कचेरीचा निवृत्तीचा नियम अठ्ठावन्नचा होता. वारियरांचा मुलगा जयदेवन, ज्याला सगळे जयन म्हणत, त्याच्या मनात सगळं गणित कोचीच्या एका कंपनीकडे सोपवायचं होतं. लोनप्पनला घरी बसायची भीती वाटत होती. घरी त्याच्या हाताखाली काही नव्हतं. कोंबड्यासुद्धा त्रेस्याचं ऐकायच्या. मशीनपुढं तो कुणी तरी होता. म्हणून त्यानं जन्मात पहिल्यांदा मान खाली घालून वारियरांकडे दोन वर्षं मागितली होती.

वारियरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "नवी आवृत्ती चढवायची आहे ना? शुक्रवारी मिथुन महिना संपतो. शनिवारी कर्किडकं लागलं की महिनाभर आपण नव्या कशाला हात लावत नाही. तेव्हा शुक्रवारी दहा बारा ते दहा चाळीस या वेळात तुझं शेवटचं काम होऊ दे. दहा पंचावन्नला राहू लागतो, त्याच्या आत कर्किडकानंतरच्या चिंगम महिन्याचं पहिलं पान निघालेलं दाखव. मी मुदतवाढीचं पत्र टाइप करून आणतो. तिथल्या तिथं सही करतो."

"सर, हे काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही," लोनप्पन म्हणाला.

"म्हणूनच तर," वारियर म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी लोनप्पननं नवी आवृत्ती चढवली आणि दळण लावलं. पहिलं पान तर जुन्या आधारांवरही निघणार होतं, त्यामुळं त्याला चिंता नव्हती. शुक्रवारी तारीख विचारायची, पान दाखवायचं, सही घ्यायची, आणि मग निवांत दळण संपवायचं. असा बेत.

शुक्रवारी सकाळी त्रेस्यानं पुट्टू वाढलं. वाफाळतं, तांदळाच्या पिठाचं नि खोबऱ्याचं, बरोबर काळ्या चण्याची आमटी. लोनप्पननं घास घेतला आणि नेहमीचं बोलला, "घरी कांडलेल्या पिठाची सर कशालाच नाही. लोक पाकिटातलं कसं खातात कोण जाणे."

त्रेस्यानं चिमटा खाली ठेवला. त्या दिवशी तिला काय वाटलं कोण जाणे. "हे पाकिटातलंच आहे."

"आजचं?"

"आठ वर्षं झाली. माझा खांदा दुखायला लागला तेव्हापासून. तुम्ही रोज म्हणता, तुझ्या हाताची चव. मी म्हणते, म्हणू दे. माणूस खूश आहे ना!"

लोनप्पन ताट तसंच टाकून उठला. बसस्टॉपपर्यंत तो स्वतःशी पुटपुटत होता. आठ वर्षं आपल्याला कुणी तरी पोट धरून हसत असेल, ही कल्पना त्याला सहन होईना.

कचेरीत आला तेव्हा तीनशे तीन झाली होती आणि नऊ उरली होती. नऊच, पण सगळी गलेलठ्ठ. दळलेला सगळा माल एका बाजूला रचून ठेवला होता, कारण त्याची पद्धत अशी की सगळं झाल्यावरच एकेक जागेवर बसवायचं. म्हणजे आत्ता पंचांग जुन्यावरच उभं होतं. त्यानं स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन काळ्या खिडक्या उघडल्या. डावीकडच्या खिडकीत तारीख विचारायची कमांड लिहून ठेवली. उजवीकडच्या खिडकीत दुपारी लागणारी खरी शेवटची कमांड, जुने आधार काढायची, लिहून ठेवली, हाताशी असावी म्हणून. एंटर तेवढं दाबायचं बाकी. चोवीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. पुट्टूनं डोकं फिरवलं होतं, दुसरं काय.

दहा वाजून दहा मिनिटांनी वारियर समई घेऊन आले. मागून जयन, हातात मोबाईल. वारियरांच्या खिशातून पत्राचा कोपरा दिसत होता. तो कोपरा पाहिला आणि लोनप्पनला एकदम लाडीगोडी सुचली.

"सर, यंदा तुमच्या हातानं होऊ दे. मी दर वेळी दाबतो. या वेळी एंटर तुम्हीच दाबा."

वारियर म्हणाले, "मी?"

"तुमच्याच हाताला यश आहे, सर." हे बोलताना लोनप्पनला आतून इतकं हसू येत होतं, की त्यानं खोकल्याचं निमित्त केलं. म्हाताऱ्याच्या हातून तारीख विचारून घ्यायची! याहून मोठा विनोद त्याच्या आयुष्यात झाला नव्हता.

वारियर खुर्चीवर बसले. चष्मा पुसला. दोन्ही खिडक्यांकडे बघितलं. मग माउस धरला, बाण सावकाश उजवीकडे नेला, उजव्या खिडकीवर टिचकी मारली आणि एंटर दाबलं.

"सर, ती नाही!" असं लोनप्पन ओरडला, पण तोवर ओळी सरसर वर चालल्या होत्या. हे काढलं, ते काढलं, तेही काढलं. आणि चार दिवस घोंघावणारा पंखा हळूहळू मंदावला आणि थांबला. दळणच बंद पडलं होतं, कारण दळणारं जातंसुद्धा जुन्या आधारांवर उभं होतं.

"बघ, किती शांत झालं," वारियर म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. लोनप्पननं पंचांगाचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. उघडेना. पान जुळवणारा उघडेना. तिन्ही बुद्धिबळंही गेली. दळून ठेवलेली तीनशे तीन होती, पण पान जुळवणारा नेमका उरलेल्या नवांत होता, आणि नऊ दळायला जातं नव्हतं. घड्याळात दहा चौदा.

"झालं का?" जयननं विचारलं.

"होतंय," लोनप्पन म्हणाला.

आणि त्याला पाकिटातलं पुट्टू आठवलं.

तयार माल होताच. जगातल्या कुणी कुणी दळून, गाळून, नीट बांधून ठेवलेला. एका कमांडीनं घरपोच येणारा. घरचा आणि बाहेरचा माल एकत्र कालवला तर नासतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे नऊ आणून भागणार नव्हतं. चार दिवसांचं स्वतःचं सगळं दळण फेकायचं आणि तीनशे बाराच्या तीनशे बारा बाहेरून आणायची. त्याला रडू आल्यासारखं झालं. खरंच आलं. वारियर समईची वात पुढं सारत होते, म्हणून त्यांना दिसलं नसावं.

त्यानं दात-ओठ खात कमांड दिली. सॉफ्टवेअरं भराभर येऊ लागली. कुरकुर नाही, पंख्याची घरघर नाही. येत होती आणि आपापल्या जागी बसत होती. आपला स्वतःचा गणिताचा प्रोग्रॅम तेवढा त्यानं घरच्या घरी बांधला. त्याला अकरा सेकंद लागली. दहा बावन्नला चिंगमचं पहिलं पान प्रिंटरमधून बाहेर आलं. लोनप्पननं ते उजेडात धरलं. एक जोडाक्षर त्याच्या दळणात सहा वर्षं तुटकं यायचं आणि तो दर पानावर ते हातानं सांधायचा. ते या पानावर अख्खं आलं होतं.

वारियरांनी पान वाचलं, डोक्याला लावलं, आणि खिशातून पत्र आणि पेन काढलं. पेनाचं टोपण उघडलं.

"लोनप्पन चेट्टा, एक विचारू?" जयन म्हणाला. "मागच्या खेपेला पाच दिवस लागले होते तुम्हाला. आज एंटर दाबल्यापासून अडतीस मिनिटं. आज काय वेगळं केलंत?"

लोनप्पननं पत्राकडे बघितलं. खरं सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. तयार माल आणला, ही एक. आणि तो चोवीस वर्षं आणता आला असता, ही दुसरी. पहिली एक वेळ जिभेवर आली असती. दुसरी येईना.

"मुहूर्त, जया," तो म्हणाला. "दुसरं काय? तुम्हा आजकालच्या पोरांचा विश्वास नाही बसायचा. पण वेळ साधली की मशीनसुद्धा ऐकतं. आत्ता सरांनी बोट टेकवलं, पाहिलंस ना, पंखा कसा शांत झाला? मी चोवीस वर्षं बघतोय. ग्रह, तारे, राहू... हे सगळं आपल्या समजेच्या पलीकडचं आहे. मी ख्रिस्ती माणूस, पण खरं ते खरं म्हणावं. वेळ टळली तर पाच दिवस, साधली तर अडतीस मिनिटं. चुकीच्या वेळी केलेलं काम..."

तो रंगात आला होता. भिंतीवरच्या घड्याळात दहा पंचावन्न वाजले. वारियरांनी पेनाचं टोपण लावलं.

जयन वडिलांकडे बघून हसला. "म्हणजे वेळ अच्छन काढणार, बोटही अच्छनच टेकवणार, आणि अडतीस मिनिटांत काम होणार. मग चेट्टा, माणूस कशाला लागतो?" आणि मोबाईल कानाला लावून तो बाहेर गेला.

खोलीत दोघंच उरले.

"सर, सही," लोनप्पन म्हणाला.

"राहू लागला."

"एक मिनिटानं काय होतंय, सर?"

"आत्ताच तर म्हणालास, चुकीच्या वेळी केलेलं काम..."

"मग राहू संपल्यावर. साडेबाराला."

"आज त्यानंतर शुभ वेळ नाही. तूच काढलेल्या तक्त्यात आहे, बघ." वारियरांनी पत्राची घडी केली.

मग मात्र लोनप्पनचा तोल गेला. "अहो सर, मुहूर्त-बिहूर्त काही नसतं हो! तयार माल आणला मी बाहेरून, म्हणून झालं लवकर! आणि आणावा का लागला? तुम्ही चुकीच्या खिडकीत दाबलंत! डावीकडच्या खिडकीत दाबायचं होतं!"

"डावीकडं तारीख होती," वारियर म्हणाले.

लोनप्पननं डावीकडच्या खिडकीकडे बघितलं.

"चोवीस वर्षं तू मला तारीखच दाखवतोयस, लोनप्पा. वार, महिना, तास, मिनिट. पंचांग काढतो रे मी. मला तारीख वाचता येत नाही होय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळं ते जास्त लागलं. "मी म्हणायचो, असू दे. माणूस खूश आहे. आज तूच मला खुर्चीवर बसवलंस. म्हटलं, एकदा तरी खरं काम खऱ्या वेळेवर होऊ दे."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी जयनपुढं एवढं..."

"वाट बघत होतो. पेन उघडं होतं माझं. तू खरं बोलला असतास तर दोन मिनिटं होती."

लोनप्पन चटईवर बसला. मशीन बारीक आवाजात चाललं होतं, इतक्या बारीक की ते चालू आहे हे दिव्यावरूनच कळावं. त्यानं विचारलं, "मग आता पत्र चिंगममध्ये?"

"चिंगममध्ये तू अठ्ठावन्नच्या पलीकडे गेलेला असशील." वारियरांनी बोटांनी वात चिमटली आणि समई उचलली. दारात जाऊन ते थांबले. "एकतीस तारखेला दुपारी चहाला ये. कर्किडकात नवं काही सुरू करत नाहीत, लोनप्पा. संपवायला मात्र मुहूर्त लागत नाही."